बोलता दिवस

सरकारी नोकरीत माणसाला दोन भाषा आपोआप येतात. एक वरिष्ठांशी बोलावयाची आणि दुसरी फायलीवर लिहावयाची. तिसरी, म्हणजे आईने शिकविलेली, मात्र प्रत्येक बदलीच्या हुकमाबरोबर सामानात बांधावी लागते. पलंग, कपाटे, भांड्यांचे खोके यांची यादी होते, मोडतोड झाली तर तिची नोंद होते. पण त्या तिसऱ्या भाषेची नोंद कोणत्याच यादीत नसल्यामुळे ती वाटेत कोठे किती गळली याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. आमचा पेशाच हिशेबतपासणीचा. ग्वाल्हेर, कटक, चेन्नई आणि आता शिलाँग असा अठ्ठावीस वर्षांचा प्रवास करून झाल्यावर हा न ठेवलेला हिशेब आम्हांस अधूनमधून अस्वस्थ करू लागला. गंमत अशी की, त्या अस्वस्थतेला शब्द दिले ते एका परक्या देशातील, परक्या भाषेतील नभोवाणी केंद्राने.

त्या केंद्राचे नाव 'रेडिओ फोर'. बी.बी.सी.चे हे केंद्र ३० सप्टेंबर १९६७ पासून या नावाने चालू आहे. त्यापूर्वी १९३९ पासून त्याला 'होम सर्व्हिस' म्हणत. गाण्याबजावण्याचे केंद्र ते नव्हेच. दिवसभर तेथे माणसे नुसती बोलत असतात. आमच्या कन्येने खिशातल्या दूरध्वनीवर ते आम्हांस प्रथम लावून दिले, तेव्हा आमच्या कुटुंबाने सहज विचारले, "दिवसभर नुसते बोलतात? मग कामे केव्हा करतात?" प्रश्न रास्त होता. परंतु सुट्टीच्या दिवशी हळूहळू आम्हांला त्या बोलण्याची चटक लागली. आता जो दिवस आम्ही वर्णन करणार आहो तो कोणा एका तारखेचा नव्हे. हिवाळ्यातील कित्येक सुट्ट्यांतून वेचून, वारांची सरमिसळ करून तो आम्ही जुळविला आहे. असा लेखाजोखा तपासणीस आला असता तर आम्ही स्वतःच त्यावर आक्षेप घेतला असता. पण ललितलेखनाला तेवढी मुभा असावी.

प्रथम घड्याळाचे गणित. हिवाळ्यात त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालते. त्यामुळे त्यांच्या दिवसाचा शेवट तोच आमच्या दिवसाचा आरंभ होतो. त्यांच्याकडे मध्यरात्र उलटून पाऊण तास झालेला असतो, तेव्हा आमच्याकडे सकाळचे सव्वासहा वाजून गेलेले असतात आणि शेगडीवर चहाचे आधण ठेवलेले असते. त्या वेळी रोनाल्ड बिंज याने १९६३ साली रचलेली एक संथ, झुलती धून वाजते. आणि ती विरली की निवेदक समुद्राचे हवामान सांगू लागतो.

ब्रिटनच्या भोवतालच्या समुद्राचे या कामापुरते एकतीस भाग पाडलेले आहेत. व्हायकिंग, फॉर्टीज, क्रोमार्टी, डॉगर, फिशर, जर्मन बाइट, हंबर, टेम्स अशी ती नावे एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बेटाला प्रदक्षिणा घालीत येतात. प्रत्येकापुढे वाऱ्याची दिशा, त्याचा जोर, पाऊस आहे की नाही, आणि दूरचे कितपत दिसेल, एवढेच. क्रियापदे जवळजवळ नाहीतच. एखादी तार वाचावी तसे ते वाचन. आम्ही त्या समुद्रात कधी पाऊल घातलेले नाही, घालण्याचा संभवही नाही. तरी त्या नावांची माळ ऐकताना मन कसे निवांत होते. शेमस हीनी आणि कॅरल अ‍ॅन डफी यांच्यासारख्या कवींनीही या वाचनाला आपल्या कवितांतून जागा दिली आहे. आम्ही कवी नव्हे. परंतु विष्णुसहस्रनाम ऐकता ऐकता अर्थ न कळणारी आमची आजी कशी शांत होत असे, याचा उलगडा आम्हांस या खलाशांच्या सहस्रनामामुळे झाला.

या एकतीस नावांपैकी एका नावापाशी मात्र आम्ही दर वेळी कान टवकारतो. ते नाव 'फिट्झरॉय'. पूर्वी त्या भागाला 'फिनिस्टेर' म्हणत. पण स्पेनचे हवामान खातेही ते नाव दुसऱ्या एका भागाला वापरत असल्यामुळे २००२ साली ते बदलण्यात आले. इतर नावे बहुतेक बेटांची, नद्यांची, वाळूच्या उथळ पट्ट्यांची. हे एकटेच माणसाचे, आणि तेही एका सरकारी अधिकाऱ्याचे. डार्विनला घेऊन जगप्रदक्षिणेस गेलेल्या 'बीगल' जहाजाचा कप्तान तो हाच रॉबर्ट फिट्झरॉय. पुढे १८४३ मध्ये त्याला न्यूझीलंडचा गव्हर्नर नेमले आणि दोनच वर्षांत परत बोलाविले. दूरची नेमणूक आणि अकाली परतीचा हुकूम म्हणजे काय हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. १८५४ साली त्याच्याकडे हवामानाची आकडेवारी जमविण्याचे एक लहानसे, बिनमहत्त्वाचे खाते सोपविण्यात आले. अशा खात्यात माणसे सहसा निवृत्तीची वाट पाहतात. १८५९ च्या ऑक्टोबरात 'रॉयल चार्टर' हे जहाज वादळात फुटून साडेचारशेच्या आसपास माणसे बुडाली. तेव्हा या गृहस्थाने तारायंत्राचा उपयोग करून बंदरांना वादळाची आगाऊ सूचना देण्याची व्यवस्था उभी केली. १८६१ पासून त्या सूचना सुटू लागल्या. त्याच वर्षी वर्तमानपत्रातून हवामानाचे अंदाजही छापले जाऊ लागले. अंदाज चुकला की लोक हसत, विद्वान नाके मुरडीत. शरीराने व मनाने खचून १८६५ साली त्याने आपल्या हाताने आयुष्य संपविले. त्याचे नाव सागराला मिळावयास पुढे एकशे सदतीस वर्षे लागली. बढतीचे प्रकरण इतके दिवस पडून राहिल्याचे दुसरे उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही. परंतु आज त्या नावानंतर वाऱ्याची दिशा सांगितली जाते, तेव्हा एखाद्या कोपऱ्यातल्या खात्यात इमानाने केलेले काम कधीच वाया जात नाही, असे क्षणभर तरी वाटून जाते.

आमचे बालपण वेंगुर्ल्यास गेले. पावसाळा तोंडावर आला की किराणा दुकानातल्या रेडिओवरून मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा मिळे, आणि दुकानासमोर उभे असलेले कोळी तो ऐकून मान हलवीत. त्यांनी आकाश आधीच वाचलेले असे. हे सारे आम्ही कन्येला एकदा सांगत होतो. ती बंगळूरास नोकरी करते व रजेत आमच्याकडे येते. जन्म ग्वाल्हेरचा, शिक्षण कटक व चेन्नईचे. तिची मराठी गोड आहे, शुद्ध आहे, पण ती स्वयंपाकघरात सुरू होऊन देवघरात संपते. निवेदकाने वाऱ्याच्या दिशा सांगितल्या तेव्हा तिने विचारले, "बाबा, नॉर्थवेस्टला मराठीत काय म्हणता?" आम्ही म्हणालो, "वायव्य." "आणि साउथईस्ट?" "आग्नेय." ती थबकली. म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोन शब्द जोडत नाही? प्रत्येक कोपऱ्याला वेगळे नाव आहे?" मग आम्ही तिला चारही कोपऱ्यांचे धनी सांगितले: ईशान्येचा ईशान, आग्नेयेचा अग्नी, नैर्ऋत्येचा निर्ऋती आणि वायव्येचा वायू. शिवाय दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून जाणारे मतलई वारे. तिने ते सारे वहीत उतरून घेतले. तिच्या "तुम्ही" या शब्दाने मात्र आमच्या मनात बारीकसा काटा रुतला. ती "आपण" म्हणाली नव्हती.

त्यांचे राष्ट्रगीत वाजून केंद्र रात्रीपुरते जगभरच्या सेवेच्या स्वाधीन होते, आणि आम्हीही स्नानादी कर्मांकडे वळतो. पुन्हा ते जागे होते तेव्हा आमची भाजी चिरून झालेली असते. पहाटे सहाच्या सुमारास तेथे शेतीविषयी बोलणे चालते. दुधाचा भाव, मेंढ्यांचे रोग, बियाणे, पूर. सहाच्या ठोक्याला, म्हणजे आमच्या साडेअकरास, 'टुडे' सुरू होते. ठोका म्हणजे सहा बारीक शिट्ट्या; शेवटची जरा लांब. ५ फेब्रुवारी १९२४ पासून या शिट्ट्या ब्रिटनला वेळ सांगत आल्या आहेत, आणि आपल्या आकाशवाणीच्या श्रोत्यांनाही त्या जातीचा नाद परिचित आहे. 'टुडे'चा जन्म २८ ऑक्टोबर १९५७ चा. त्याचे एक जुने निवेदक जॅक डी मॅनिओ वेळ चुकीची सांगण्याबद्दलच प्रसिद्धीस पावले होते. ज्या देशाने ग्रीनिचची रेषा जगावर लादली त्या देशात रोज सकाळी चुकीची वेळ सांगूनही माणूस लोकप्रिय होऊ शकतो, हे वाचून आम्हांस त्या लोकांविषयी अधिक आपुलकी वाटू लागली.

या कार्यक्रमात मंत्र्यांना प्रश्न विचारले जातात. आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे आले तर पहिला प्रश्न पुन्हा विचारला जातो. सरकारी माणसाला हे ऐकताना जे सुख होते त्याचे वर्णन आम्ही सेवानियमांचा मान राखून करीत नाही. पावणेआठच्या सुमारास मात्र ही खडाजंगी थांबते आणि कोणी ख्रिस्ती धर्मोपदेशक, कोणी ज्यू, शीख, मुसलमान वा हिंदू विचारवंत तीन मिनिटांहून कमी वेळात दिवसाला एक चिंतन देऊन जातो. १९७० पासून चालत आलेली ही रीत आहे. आपल्याकडे तीन मिनिटांत प्रास्ताविकही आटोपत नाही.

दुपारचे जेवण होऊन वामकुक्षीची वेळ येते तेव्हा त्यांचे नऊ वाजलेले असतात. गुरुवार असेल तर वामकुक्षी रद्द. 'इन अवर टाइम' या कार्यक्रमात तीन प्राध्यापक एका विषयावर पाऊण तास बोलतात. १५ ऑक्टोबर १९९८ पासून २०२५ पर्यंत मेल्व्हिन ब्रॅग यांनी तो चालविला. कधी सम्राट अशोक, कधी प्रकाशसंश्लेषण, कधी भगवद्गीता. ब्रॅग हे उत्तरेकडील कम्ब्रिया प्रांतातल्या विगटन गावचे, वडील दारूचा गुत्ता चालवीत. प्राध्यापक फार लांबू लागले की ते सरळ अडवीत. त्या अडविण्यात अनादर नसे. ऐकणारा सामान्य माणूस आहे आणि त्याला समजले पाहिजे, एवढाच आग्रह असे. आम्ही कित्येकदा विचार केला की त्या तीन प्राध्यापकांच्या जागी मराठी बोलणारे तिघे बसले असते तर शब्द अडले असते काय? अडले नसते. प्रकाशसंश्लेषण हा शब्द आम्ही शाळेत शिकलो, परीक्षेत लिहिला, आणि त्यानंतर चाळीस वर्षांत एकदाही मोठ्याने उच्चारला नव्हता, इतकेच.

त्यानंतरचा तास स्त्रियांचा. ७ ऑक्टोबर १९४६ रोजी हा 'वुमन्स अवर' सुरू झाला तेव्हा त्याचा पहिला निवेदक पुरुष होता, ही गोष्ट आमच्या कुटुंबाला सांगताच त्यांनी, "त्यात नवल ते काय?" एवढेच म्हटले. तेथे पाककृती असतात, पण त्याच तासात वेतनातील तफावत, तुरुंगातील माता, कादंबरी, शस्त्रक्रिया असे सारे येऊन जाते. मुंबई आकाशवाणीवरील 'वनिता मंडळ' ऐकत वाढलेल्या आमच्या कुटुंबाने एके दिवशी तो सगळा तास ऐकून घेतला आणि मग म्हणाल्या, "या बायका स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या, पण भाषा बदलावी लागली नाही त्यांना." कटकच्या बँकेत आणि चेन्नईच्या शाळेत नोकरी केलेल्या बाईंचे ते वाक्य होते. आम्ही त्यावर काही बोललो नाही.

शुक्रवारी दुपारी बागाइतीचे प्रश्नोत्तर असते. ९ एप्रिल १९४७ रोजी मँचेस्टरजवळील अ‍ॅश्टन-अंडर-लाइन येथील एका हॉटेलात हौशी बागवानांच्या मेळाव्यापुढे हा कार्यक्रम प्रथम झाला. युद्धाच्या काळात सरकारने लोकांना अंगणे खणून भाजी पिकवावयास सांगितले होते. त्या सवयीचाच हा पुढचा फुटवा. गावोगावच्या सभागृहांत माणसे जमतात आणि कोणाच्या गुलाबावर काळे ठिपके पडतात, कोणाच्या सफरचंदाला फळ धरत नाही, ते विचारतात. जाणकार गंभीरपणे उत्तर देतात, एकमेकांशी असहमत होतात. श्रोते हसतात. राजकारणात जे साधत नाही ते खताच्या बाबतीत साधते.

आणि संध्याकाळी सात वाजून गेल्यावर, म्हणजे आमच्याकडे मध्यरात्र उलटून अर्धा तास होऊन गेलेला असताना, 'आर्चर्स'. अ‍ॅम्ब्रिज नावाचे एक खेडे. ते नकाशात नाही, पण १ जानेवारी १९५१ पासून सगळ्या ब्रिटनला त्याच्या गल्ल्या पाठ आहेत. युद्ध संपले तरी शिधावाटप संपले नव्हते. अन्न अधिक पिकावे यासाठी शेतकऱ्यांपर्यंत नव्या पद्धती पोहोचवाव्यात, या हेतूने शेतकी खात्याच्या सल्ल्याने ही श्रुतिका रचली गेली. सरकारी परिपत्रक इतक्या गोडीने जनतेने ऐकल्याचे दुसरे उदाहरण आमच्या माहितीत नाही. २२ सप्टेंबर १९५५ च्या रात्री, नवे व्यापारी दूरचित्रवाणी केंद्र सुरू होत असताना, या कथेतील ग्रेस आर्चर आगीतून घोडा वाचविताना मरण पावली आणि बी.बी.सी.चे दूरध्वनी शोकाकुल श्रोत्यांनी अडवून टाकले. फिल आर्चरचे काम करणारे नॉर्मन पेंटिंग १९५० च्या चाचणीपासून २००९ साली मृत्यू येईपर्यंत तीच भूमिका करीत राहिले. एकाच गावात एकोणसाठ वर्षे आणि बदली नाही! पेगीचे काम करणाऱ्या जून स्पेन्सर तर २०२२ साली एकशे तिसऱ्या वर्षी निवृत्त झाल्या. साठाव्या वर्षी निरोपाचा नारळ घेणाऱ्या आम्हां मंडळींना यावर काय म्हणावे ते सुचत नाही. 'पुन्हा प्रपंच'मधील टेकाडे भावजी आणि मीना वहिनी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना मात्र हे सुख समजावून सांगावे लागणार नाही.

मधल्या फटींतून विनोद झिरपत असतो. 'जस्ट अ मिनिट' या खेळात दिलेल्या विषयावर न अडखळता, शब्दाची पुनरुक्ती न करता आणि विषय न सोडता एक मिनिट बोलावयाचे. २२ डिसेंबर १९६७ पासून हा खेळ चालू आहे. २०१२ साली त्याचे दोन भाग मुंबईतही ध्वनिमुद्रित झाले होते. आम्ही तो एका रविवारी कचेरीतील मराठी स्नेह्यांबरोबर मराठीतून खेळून पाहिला. 'उपरोक्त' आणि 'सबब' या दोन शब्दांच्या पुनरुक्तीमुळे पहिले तिघे दहा सेकंदांत बाद झाले. चौथे एक वनखात्यातील गृहस्थ 'सागवान' या विषयावर पूर्ण मिनिट बोलले. त्यांच्या तोंडून खोड, साल, गाभा, पानगळ, फुटवा असे शब्द येत गेले आणि आम्ही गुण मोजावयाचेच विसरलो.

'डेझर्ट आयलंड डिस्क्स'चाही असाच एक डाव आमच्या घरी रंगतो. २९ जानेवारी १९४२ रोजी, बाहेर युद्ध पेटलेले असताना, रॉय प्लॉमली यांनी हा कार्यक्रम सुरू केला: निर्जन बेटावर एकटे राहावयाचे असेल तर कोणत्या आठ तबकड्या बरोबर न्याल? शिवाय एक पुस्तक आणि एक निरुपयोगी चैनीची वस्तू. १९५८ साली एका विख्यात गायिकेने निवडलेल्या आठांपैकी सात तबकड्या स्वतःच्याच होत्या! आमच्या घरच्या डावात मात्र गाणी वगळून नुसते बोलणे निवडावयाचे असते. आमच्या यादीत वासुदेवाची पहाटेची साद आहे, एस.टी.तल्या कंडक्टरचे "चला, पुढे सरका" आहे, आणि दिवेलागणीस अंगणातून आम्हांस घरात बोलावणारी आईची हाक आहे. यांपैकी एकाचीही तबकडी कोणी काढलेली नाही.

येथे एखादा वाचक विचारील, की ज्यांचे राज्य घालविण्यासाठी आमच्या आजोबांनी तुरुंग पाहिला त्यांच्या नभोवाणीचे हे कौतुक कशासाठी? प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्या केंद्राच्या बोलण्यातही एकेकाळी वर्गाचा ताठा होता. १९४१ साली विल्फ्रेड पिकल्स नावाचा यॉर्कशरचा नट आपल्या गावच्या उच्चारांनी बातम्या वाचू लागला, तेव्हा अनेक श्रोत्यांना त्या बातम्यांवर विश्वास ठेवणे जड गेले म्हणतात. वऱ्हाडी किंवा मालवणी हेल काढून मराठी बातम्या वाचल्या असत्या तर आपल्या पेठांतून काय प्रतिक्रिया उमटली असती, याची कल्पना ज्याची त्याने करावी. परंतु त्याच संस्थेत त्याच युद्धकाळात वेणू चितळे या मराठी बाई जॉर्ज ऑर्वेल यांच्या सहकारी म्हणून पूर्वेकडील देशांसाठीच्या विभागात काम करीत होत्या. पुढे १९५० साली त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. लंडनहून मराठी बोलणे आकाशात सोडले जात होते ते त्या काळी. तेव्हा हा वारा अगदीच परका म्हणता येत नाही. काही झुळका आपल्याकडून तिकडे गेल्या होत्या.

आम्हांस त्या केंद्रात जे मोलाचे वाटते ते इंग्रजी नव्हे. एक भाषा एका दिवसात किती ठिकाणी जाऊन येते, ते आम्ही तेथे मोजतो. पहाटे ती गोठ्यात असते, सकाळी संसदेत, दुपारी तत्त्वज्ञानात, मग रुग्णालयात, बागेत, काल्पनिक खेड्यात, आणि रात्री खवळलेल्या समुद्रावर. ती कोठेही दारात चपला काढून दुसऱ्या भाषेला आत पाठवीत नाही. आपल्या प्रदेशात मराठीही पुष्कळ ठिकाणी जाते. परंतु आम्हां बाहेर पडलेल्यांच्या घरांत तिला दोनच कामे उरली आहेत: जेवावयास बोलावणे आणि आरती म्हणणे. भाषा मरते ती कोणी मारल्यामुळे नव्हे. तिला काम न उरल्यामुळे. निवृत्त माणसासारखी ती मग कोपऱ्यात बसते, सर्वांकडून मान घेते आणि कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

इतिहासकार पीटर हेनेसी यांनी एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली आहे. ब्रिटनच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांत पंतप्रधानांच्या हातचे एक मोहोरबंद पत्र असते. देश नष्ट झाला तरच ते उघडावयाचे. देश नष्ट झाला हे खोल समुद्रात कळावे कसे? त्यासाठीच्या खुणांपैकी एक अशी, की 'रेडिओ फोर' ऐकू येत आहे काय ते पाहावयाचे. राष्ट्र जिवंत असल्याची खूण म्हणून तोफेचा आवाज नव्हे, ध्वज नव्हे, तर माणसांचे रोजचे बोलणे! ही गोष्ट वाचल्यापासून आम्ही आमच्या सरकारी वसाहतीकडे त्या पाणबुडीच्या कप्तानाच्या कानांनी ऐकू लागलो. अकरा मराठी बिऱ्हाडे आहेत. गणपतीचे पाच दिवस आणि संक्रांतीचे हळदीकुंकू सोडले तर बाहेरून ऐकणाऱ्याला येथे मराठी आहे असे कोणत्या आवाजावरून कळावे?

म्हणून गेल्या फाल्गुनापासून आमच्या मंडळात एक लहानसा प्रघात पडला आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकाने उठून आपल्या रोजच्या कामाविषयी वीस मिनिटे मराठीतून बोलावयाचे. सागवानाचे जाणकार प्रथम बोलले. त्यानंतर भूगर्भ खात्यातील एका गृहस्थांनी मेघालयातील चुनखडी व कोळशाची हकीकत सांगितली. एका ठिकाणी ते अडले. खडक जेथे तुटून सरकतो त्याला काय म्हणावे ते त्यांना आठवेना. मागून कोणी तरी 'प्रस्तरभंग' असे सुचविले. तेवढ्यात एका अभियंत्याच्या वृद्ध मातोश्री, ज्या अशा बैठकीत सहसा बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "आमच्याकडे विहीर खणताना आधी मुरूम लागतो, मग मांजऱ्या, मग काळा कातळ. मांजऱ्या लागला की पाण्याची आशा धरावी." भूगर्भवाले गृहस्थ आपली टिपणे खाली ठेवून त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या दिवशीचे उरलेले व्याख्यान मातोश्रींनीच पुरे केले. मुले, जी एरवी पाचव्या मिनिटाला उठून जातात, विहिरीला पाणी लागेपर्यंत बसून राहिली.

पुढच्या महिन्याची पाळी आमची आहे. हिशेबतपासणीवर बोलावयाचे म्हणजे श्रोत्यांच्या जांभया गृहीतच धराव्या लागतात. अठ्ठावीस वर्षे ज्या कामात घालविली ते काम आम्ही मराठीतून कधी केलेले नाही; त्यामुळे तूर्त आम्ही शब्द गोळा करीत आहो. कीर्द, खतावणी, जमा, नावे, शिल्लक, तसलमात, ताळेबंद. वडिलांच्या दुकानातील लाल कापडाच्या वह्यांवर यांपैकी निम्मे शब्द आम्ही लहानपणी पाहिलेले होते. काल कन्येला दूरध्वनीवरून यादी वाचून दाखविली, तेव्हा तिने मध्येच थांबवून विचारले, "बाबा, तसलमात म्हणजे काय? आणि आपल्याकडे ती परत केली नाही तर काय होते?" आम्ही उत्तर दिले, सविस्तर दिले, नियमांसकट दिले, आणि बोलता बोलता लक्षात आले की ती या वेळी "आपल्याकडे" म्हणाली होती.